सिंगल टँकसाठी बॅकप्लेट-विंग: स्टील घ्यावी की अ‍ॅल्युमिनियम?

स्कूबा डाइव्हिंगमध्ये सिलिंडर पाठीवर बांधायचे दोन मार्ग: हवा भरून फुगवायचं जॅकेट, किंवा बॅकप्लेट, म्हणजे पाठीवरचा ताठ पत्रा, आणि तिच्यामागची विंग, म्हणजे हवा भरायची पिशवी. बॅकप्लेट घ्यायचं ठरलं की बहुतेक जण आधी ब्रँड विचारतात. हॅल्सियॉन की डाइव्ह राइट, हॉलिस की एक्सडीप? प्लेटपुरता हा प्रश्न जवळजवळ बिनमहत्त्वाचा आहे. कुणाचीही असली तरी ती भोकं पाडून वाकवलेला जाड पत्राच असते. त्यापेक्षा एक आकडा हाताशी हवा. सध्याचं जॅकेट, नेहमीचा सूट आणि नेहमीचं सिलिंडर घेऊन, डाइव्हच्या शेवटी सिलिंडरमध्ये ५० बार दाबाची हवा उरलेली असताना ५ मीटर खोलीवर स्थिर थांबायला तुम्हाला किती किलो शिसं, म्हणजे तरंगू नये म्हणून अंगावर बांधायचं वजन, लागतं? लॉगबुकात नोंद नसेल तर पुढच्या डाइव्हला मोजून घ्या. खालचे निम्मे निर्णय या आकड्यावर होतात.

जॅकेट सोडायचं का?

वर्षातून एकदा नेत्राणीला किंवा ग्रँड आयलंडला जाऊन भाड्याच्या सामानावर दोन-चार डाइव्ह करत असाल, तर हे सगळं घेऊ नका. जॅकेट कुठेही भाड्याने मिळतं, खिसे मोठे असतात, आणि पाण्यावर तरंगताना ते छातीभोवती फुगून तुम्हाला सरळ उभं धरतं. विंग पूर्ण पाठीमागे असते. ती वर आल्यावर गच्च फुगवली तर तोंड पुढे पाण्याकडे ढकललं जातं. उपाय सोपा आहे, हवा गरजेपुरतीच भरायची आणि थोडं मागे रेलायचं, पण ती सवय लावून घ्यावी लागते.

पाण्याखाली मात्र गोष्ट उलटी आहे. जॅकेट बाजूंनी फुगतं, सिलिंडर पाठीवर डुलतं, आणि आतल्या स्पंजमुळे जॅकेट स्वतःच तरंगायला बघतं. त्याला बुडवायलाच साधारण किलोभर शिसं जातं. प्लेटवर सिलिंडर घट्ट बसतं, हवा पाठीच्या रेषेत राहते आणि आडवं राहणं फार सोपं होतं. शिवाय इन्फ्लेटर (हवा भरायची-सोडायची नळी) बिघडला तर इन्फ्लेटर बदलायचा आणि पट्टा झिजला तर पट्टा. प्लेट स्वतः झिजायला काही कारणच नसतं. फोटो काढणाऱ्यांनी आणि पुढे टेक्निकल डाइव्हिंगकडे, म्हणजे जास्त खोल किंवा गुहांतल्या डाइव्हिंगकडे, वळायचा विचार असणाऱ्यांनी फार घोळ घालू नये, प्लेट घ्यावी.

पत्रा कुठला?

खरी तुलना इथे आहे. ३ मिलिमीटरची स्टीलची प्लेट साधारण अडीच ते पावणेतीन किलोची असते. त्याच आकाराची अ‍ॅल्युमिनियमची भरते किलोच्या आसपास. तिसरा प्रकार कापडी: पत्राच नाही, जाड नायलॉनची शिवलेली पाठ, काहीशे ग्रॅमची.

पण तराजूवरचं वजन आणि पाण्यातलं वजन वेगळं. पावणेतीन किलोची स्टीलची प्लेट पाण्यात जवळपास २.३ किलोचं काम करते, म्हणजे तुमच्या पट्ट्यावरचं अडीच किलो शिसं ती एकटी भरून काढते. अ‍ॅल्युमिनियम हलकं आणि त्या मानाने जागा खाणारं. ९०० ग्रॅमची प्लेट पाण्यात जेमतेम अर्धा किलो भरते. कापडी पाठ शिसं वाचवत नाही, तशी ती तरंगतही फारशी नाही.

आता सुरुवातीचा आकडा काढा. जॅकेटमध्ये ५ किलो लागत होते असं धरू. जॅकेटचा स्पंज गेला, एक किलो कमी. स्टीलची प्लेट आली, आणखी अडीच किलो कमी. उरलं दीड किलो. हे उत्तम गणित आहे. अ‍ॅल्युमिनियम घेतली असती तर साडेतीन किलोच्या आसपास शिसं राहिलं असतं, तेही वाईट नाही.

पण समजा तुम्ही बारीक अंगाचे आहात, अंदमानच्या कोमट पाण्यात रॅशगार्ड आणि शॉर्ट्सवर उतरता, आणि जॅकेटमध्येही तुम्हाला २ किलोच लागतात. मग स्टीलची प्लेट घेतल्या क्षणी तुम्ही दीड किलोने जड झालात, आणि ते वजन काढून ठेवायची सोय नाही. शिसं काढता येतं, पाठीवरचा पत्रा काढता येत नाही. त्यात कधी स्टीलचं सिलिंडर मिळालं तर आणखीच पंचाईत. माझा ढोबळ नियम असा: जॅकेटमध्ये ४ किलो किंवा जास्त लागत असेल तर स्टील, ३ किंवा कमी लागत असेल तर अ‍ॅल्युमिनियम, मधे असाल तर प्रवास कसा करता ते बघा.

सिलिंडरचाही हिशेब यात येतो. आपल्याकडच्या सेंटरवर बहुधा ११.१ लिटरचं अ‍ॅल्युमिनियम सिलिंडर मिळतं, २०७ बारचं. भरलेलं असताना ते पाण्यात सुमारे पाऊण किलोने बुडतं, रिकामं झालं की जवळजवळ दोन किलोने तरंगतं. मधला फरक आतल्या हवेचा. ती भरल्या सिलिंडरमध्ये पावणेतीन किलोच्या आसपास असते. म्हणून डाइव्हच्या शेवटी सिलिंडरचं बूड वर उचललं जातं आणि डाइव्हर त्याच्याशी झगडत बसतो. स्टीलच्या प्लेटचं वजन नेमकं फुप्फुसांच्या मागे, पाठभर पसरलेलं असतं, त्यामुळे कमरेला लटकणाऱ्या शिशापेक्षा ते शरीराला नीट आडवं ठेवतं. अ‍ॅल्युमिनियम घेणाऱ्याला हा फायदा हवा असेल तर सिलिंडरच्या पट्ट्यांवर दोन छोटे वेट-पॉकेट ओवून किलो-किलो शिसं तिथे टाकावं.

प्रवासाचं म्हणाल तर मुंबईहून किंवा पुण्याहून श्री विजयपुरमला, म्हणजे जुन्या पोर्ट ब्लेअरला, जाताना देशांतर्गत विमानात चेक-इनला बहुधा १५ किलोच मिळतात. फिन्स, सूट, प्लेट, विंग, मास्क आणि कपडे एवढ्यात बसवायचे. इथे स्टील आणि अ‍ॅल्युमिनियममधला पावणेदोन किलोंचा फरक चांगलाच जाणवतो, कारण शिसं तर सेंटरवर मिळतंच, ते पाठीवर बांधून विमानाने कशाला न्यायचं? उलट दुबईत राहून गाडीच्या डिकीत सामान टाकून फुजैराला जाणाऱ्याला हा प्रश्नच नाही. हिवाळ्यात ५ मिलिमीटरचा सूट, खारट पाणी, शिसं भरपूर लागणार, त्याने डोळे मिटून स्टील घ्यावी. ब्रिटनमध्ये ड्रायसूट (अंग कोरडं ठेवणारा सूट) घालणाऱ्यांनीही तेच.

कापडी पाठ फक्त सतत उडणाऱ्यांसाठी. घडी होते, बॅगेत कुठेही जाते, पण सिलिंडर पत्र्यावर बसतं तसं तिच्यावर बसत नाही. तो घट्टपणा नको असेल तर मग जॅकेट सोडण्यात फारसा अर्थ उरत नाही, असं माझं मत.

जाता जाता: भोसरी किंवा अंबडच्या एमआयडीसीत ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा ३ मिलिमीटरचा पत्रा लेझरने कापून वाकवून देणारे वर्कशॉप मिळतील. करायला हरकत नाही. फक्त प्रत्येक फटीच्या कडा हाताने गुळगुळीत करून घ्या, नाहीतर त्याच कडा हळूहळू पट्टा कापतील. आणि बोल्टच्या दोन भोकांमधलं अंतर बरोब्बर ११ इंच ठेवा, नाहीतर कुठलीच विंग बसणार नाही.

विंग किती मोठी?

ते ११ इंच आले जोड-सिलिंडरवरून. १९७९ च्या सुमाराला उत्तर फ्लोरिडाच्या पाण्याखालच्या गुहांत उतरणाऱ्यांसाठी ग्रेग फ्लॅनागनने धातूची प्लेट बनवली, आणि विल्यम होगार्थ मेनने तिच्यावरचं हार्नेस, म्हणजे ती अंगावर बांधायचे पट्टे, घासूनपुसून साधं केलं. तिथे पाठीवर दोन सिलिंडरं असत, मधल्या खोबणीत बसत ते त्यांना जोडणारे बोल्ट. आपण एका सिलिंडरसाठी तीच प्लेट वापरतो, म्हणून विंग निवडताना चूक व्हायला वाव असतो.

जोड-सिलिंडरची विंग रुंद असते, १८ ते २५ किलो उचलणारी. ती एका सिलिंडरवर लावली की दोन्ही बाजूंनी वर वळते आणि पुरीसारखी सिलिंडरला गुंडाळून घेते. हवा आत अडकते, बाहेर काढताना अंग वाकडं करावं लागतं. पुढेमागे दोन सिलिंडरं लावीन म्हणून आत्ताच मोठी विंग घेऊन ठेवू नका. प्लेट पुढे चालेल, विंग तेव्हा दुसरी घ्या.

किती लिफ्ट, म्हणजे वर उचलायची ताकद, लागते ते मोजता येतं. पहिली कसोटी: डाइव्हर नसताना नुसता संच भरल्या सिलिंडरसह तरंगला पाहिजे. स्टीलची प्लेट २.३, सिलिंडर पाऊण, रेग्युलेटर (श्वास घ्यायचं उपकरण) किलोभर, बकल-रिंगा अर्धा, सिलिंडरच्या पट्ट्यावरचं शिसं एक किलो धरलं तर बेरीज साडेपाच-सहा. दुसरी कसोटी: खोल गेल्यावर ३ मिलिमीटरचा सूट चेपून दोनेक किलोची तरंगण्याची ताकद गमावतो, त्यात सिलिंडरमधल्या हवेचं पावणेतीन किलो मिळवा. म्हणजे पाचच्या आत. वर आल्यावर डोकं पाण्याबाहेर ठेवायला आणखी काही किलो. ११ ते १३ किलोची विंग गरम पाण्यात पुरून उरते. ७ मिलिमीटरच्या सूटला १५ च्या पुढे जावं. त्याहून मोठी विंग म्हणजे पाण्यात ओढायचं जास्तीचं कापड.

आकार डोनट घ्यावा की घोड्याच्या नालेसारखा? डोनटमध्ये हवा खालूनही एका बाजूची दुसऱ्या बाजूला जाते, त्यामुळे डावीकडच्या डंप व्हॉल्व्हपर्यंत (हवा सोडायच्या झडपेपर्यंत) ती पोचवायला कसरत नाही. नालेच्या विंगेत अंग थोडं तिरकं करून उजवीकडची हवा वरून फिरवून डावीकडे आणावी लागते. काही जुने डाइव्हर नालेचीच बाजू घेतात. नव्याने घेणाऱ्याने डोनट घ्यावी.

अ‍ॅडॉप्टर हवा का?

सिंगल टँक अ‍ॅडॉप्टर ही प्लेटच्या त्या दोन भोकांवर बोल्टने बसणारी धातूची पन्हळ, सिलिंडरचे दोन पट्टे तिच्यातून जातात. आजकालच्या बऱ्याच विंगेत पट्ट्यांसाठी फटी असतात, मधे सिलिंडर डुलू नये म्हणून दोन उभ्या गादीसारख्या पट्ट्या शिवलेल्या असतात, आणि प्लेटलाही त्याच जागी फटी असतात. तशी जोडी असेल तर अ‍ॅडॉप्टर नको. सिलिंडर पाठीच्या जवळ येतं आणि वजनही वाचतं. प्लेट जुनी, फटी नसलेली असेल किंवा अर्धा-एक किलो शिसं कमी करायचंच असेल तर स्टीलचा अ‍ॅडॉप्टर घ्या. विकत घेण्याआधी विंगच्या फटी आणि प्लेटच्या फटी एकमेकींसमोर येतात का, हे बघणं ब्रँडपेक्षा महत्त्वाचं.

हार्नेस: एकसंध पट्टा की बकलवाला?

यावर डाइव्हर सर्वांत जास्त भांडतात. एकसंध म्हणजे दोन इंची नायलॉनचा साडेतीन-चार मीटरचा एकच पट्टा, प्लेटमधून ओवलेला, कमरेला एकच बकल. तुटायला काहीच नाही. बकलवाल्यात खांद्यावर सुटणारी क्लिप आणि सैल-घट्ट करायची सोय असते.

अंदमानात छोट्या डुंगीवरून डाइव्ह केली असेल तर तुम्हाला कळेल की मुद्दा कुठे अडतो. वर चढण्याआधी पाण्यातच संच काढून नावाड्याकडे द्यायचा असतो. एकसंध पट्ट्यात हे जमत नाही असं सांगणारे बहुतेक वेळा पट्टा फार आवळून घालतात. खांद्याखाली तळहात सहज सरकेल इतका तो सैल हवा. विंगमध्ये हवा भरा, कमरेचं बकल सोडा, क्रॉच स्ट्रॅप (दोन पायांमधून पुढे येणारा पट्टा) आपोआप मोकळा होतो, मग आधी डावा हात बाहेर काढा. खांदा दुखरा असेल, जुनी दुखापत असेल, तर मात्र बकलवाला हार्नेस घ्या आणि कुणाचं ऐकू नका. एकच संच घरात दोघं वापरणार असाल तरीही तोच सोयीचा.

जोडताना

प्लेट पाठीवर ठेवून मान सरळ केली की वरची कड मानेच्या खालच्या हाडाच्या थोडी खाली यावी. खांद्याच्या डी-रिंगा (सामान अडकवायच्या कड्या) अशा उंचीला ठेवा की त्याच बाजूच्या हाताचा अंगठा आत घालता येईल. कमरेचं बकल नाभीसमोर न ठेवता किंचित उजवीकडे घ्या, क्रॉच स्ट्रॅपची कडी त्याच्या डावीकडे राहते आणि बकल मोकळं उघडतं. वेटबेल्ट वापरत असाल तर तो सगळ्यात शेवटी बांधा, क्रॉच स्ट्रॅपच्या वर, म्हणजे टाकायची वेळ आली तर अडकणार नाही. इन्फ्लेटरची नळी डाव्या खांद्यावरच्या रबरी फासातून ओवा.

सिलिंडरचे पट्टे बांधण्याआधी पाण्यात भिजवा; नायलॉन ओलं झालं की ताणतं आणि कोरडा घट्ट बांधलेला पट्टा पाण्यात सैल पडतो. बोटीवरच्या मुलांना जॅकेटची सवय असते, ते सिलिंडर बरंच वर बांधतात आणि मग मान मागे टाकली की डोकं फर्स्ट स्टेजवर, म्हणजे रेग्युलेटरच्या सिलिंडरवर बसणाऱ्या भागावर, आपटतं. आपला संच आपणच लावा.

संच तयार झाला की तलावात किंवा उथळ पाण्यात विंग पूर्ण रिकामी करून, भरल्या सिलिंडरसह पोहत वर येता येतं का ते पाहा. येत नसेल तर तुम्ही जड आहात. शिसं कमी करा, आणि पट्ट्यावर शिसं उरलेलंच नसेल तर स्टीलऐवजी अ‍ॅल्युमिनियमची प्लेट लावा. अ‍ॅल्युमिनियमला स्टीलचे बोल्ट असतील तर दर डाइव्हनंतर तो सांधा गोड्या पाण्याने नीट धुवा, तिथे पांढरी बुरशीसारखी गंज धरते.

कमरेच्या पट्ट्याचं टोक कापायची घाई नको. हात-दीड हात लांब उरलं तरी पाठीमागे खोचून ठेवा, आणि आधी तुमच्या सर्वांत जाड सूटवर घालून पाहा. मग कापा, तिरकं कापा म्हणजे बकलमधून सहज जाईल, आणि टोक लायटरने वितळवून घ्या.