होजिचा मिल्कशेक: पूड की पाने?

होजिचा, म्हणजे १९२०च्या दशकात क्योतोत रुजलेला भाजलेला जपानी हिरवा चहा, घरी मिल्कशेकसाठी पूड घेऊन वापरावा की पाने घेऊन? पूड थोड्या गरम पाण्यात गुठळ्या मोडेपर्यंत घोटून थंड दूध आणि व्हॅनिला आइस्क्रीमसोबत मिक्सरमधून फिरवली की काम झाले. मात्र मुंबईच्या दमट हवेत डबा नीट बंद नसेल तर तिचा वास लवकर उतरतो. पानांना वेळ लागतो. उकळी येण्याआधी उतरवलेल्या दुधात ती पाच-सात मिनिटे झाकून ठेवावीत आणि गाळलेले दूध फ्रिजमध्ये पूर्ण गार करावे, नाहीतर आइस्क्रीम विरघळून शेक पातळ होतो. तरीही मी पानांच्याच बाजूने आहे, कारण दुधाला फिकट बदामी रंग आणि खमंग वास येतो, शिवाय जिभेवर पुडीची कणी राहत नाही. म्हशीच्या दाट दुधात मात्र ही सौम्य चव दबते. गाईचे दूध घ्यावे.