मेग कॅबट की जेनी हान: आधी कोण?

शाळकरी वयातल्या प्रेमाची, हसतखेळत वाचून होणारी इंग्रजी कादंबरी हवी म्हटलं की ही दोन नावं हमखास पुढे येतात. दोघी अमेरिकन, दोघींच्या पुस्तकांवर सिनेमे निघाले आणि गाजले. त्यामुळे कुठलीही उचलली तरी सारखंच, असं वाटतं. तसं नाहीये.

कॅबटची 'द प्रिन्सेस डायरीज' २००० साली आली. न्यूयॉर्कमधली चौदा वर्षांची मिया ताडमाड उंच, स्वतःच्या दिसण्यावर नाराज आणि बीजगणितात गटांगळ्या खाणारी. त्यात आईचं जमलंय नेमकं बीजगणिताच्या सरांशी! वर बाबा येऊन सांगतात की तू जेनोव्हिया नावाच्या चिमुकल्या देशाची राजकन्या आहेस. गोष्ट परीकथेचीच, पण पुस्तक तरतं ते डायरीमुळे. मिया तास चालू असताना लिहिते, मधेच याद्या करते, आभाळ कोसळल्याचं सविस्तर मांडून झालं की खाली उद्याचा गृहपाठ उतरवते. मैत्रिणीच्या भावाच्या मनात काय आहे ते आपल्याला केव्हाच कळलेलं असतं. मियाला सोडून सगळ्यांना. तिच्या या आंधळेपणावर मी आजही हसते.

हानची 'टू ऑल द बॉईज आय हॅव लव्हड बिफोर' (२०१४) आवाज न चढवता बोलते. सोळा वर्षांची लारा जीन कुणावर जीव जडला की त्याला पत्र लिहिते. पाठवायला नाही, मनातून काढून टाकायला. पत्रं आईने दिलेल्या टोपीच्या डब्यात. एक दिवस ती खरोखरच ज्याच्या त्याच्या हातात पडतात, आणि त्यातला एक असतो थोरल्या बहिणीचा आधीचा प्रियकर. मग लपवालपवीसाठी, पत्र मिळालेल्यांतल्याच पीटरबरोबर खोटं-खोटं प्रेम, तेही अटी कागदावर लिहून. पण मला विचाराल तर खरी प्रेमकथा तीन बहिणींची आहे. आई गेलेली, थोरली मार्गो शिकायला स्कॉटलंडला, आणि घर अचानक लारा जीनच्या गळ्यात. धाकटी किटी तर पुस्तकातलं सगळ्यात भारी पात्र.

वाचायची सवय नसेल, वय तेरा-चौदा असेल, तर कॅबट. नोंदी छोट्या, कुठेही थांबता येतं. अडचण एवढीच की २००९पर्यंत मालिकेचे मुख्य दहा भाग झाले आणि मधले ताणलेत. तीन-चार वाचून सोडलीत तरी बिघडत नाही. त्या काळच्या टीव्ही मालिकांचे उल्लेखही आता डोक्यावरून जातात. हानचे तीनच भाग, २०१७ला कथा संपली. घरातल्या माणसांची गोष्ट आवडणाऱ्याने, किंवा पंधराच्या पुढच्याने, तिथूनच सुरुवात करावी.

सिनेमे आधी पाहिले असतील तर मात्र हिशेब बदलतो. २००१च्या सिनेमात मिया सॅन फ्रान्सिस्कोत राहते आणि तिचे बाबा वारलेले आहेत. पुस्तकात ते चांगले हयात आहेत, म्हणजे पुस्तक जवळजवळ नवंच. हानचा २०१८चा सिनेमा पुस्तकाच्या बराच जवळचा. फक्त शेवटी तो सगळं मैदानावर मिटवून टाकतो. पुस्तक त्याच्या आधीच थांबतं, लारा जीन पुन्हा पत्र लिहायला बसते तिथे. म्हणून दुसरा भाग हाताशी ठेवूनच पहिला उघडा.