कूलर बंद करून ऐकायचं गाणं : एला फिट्झजेराल्डचं कोल पोर्टर साँग बुक

मे महिन्यातल्या दुपारी कूलर बंद करणं म्हणजे काय, हे नागपूरकराला सांगायला नको. पण कूलरच्या घरघरीत ड्रमवर फिरणारे ब्रश ऐकू येत नाहीत आणि बेसचे खालचे सूर तर पार बुडून जातात. म्हणून गेले पंधरा दिवस रोज चार वाजता मी खिडक्यांवर ओल्या चादरी टाकते, कूलर बंद करते आणि पाऊण तास अमेरिकन जॅझ गायिका एला फिट्झजेराल्डची ही सीडी लावते. तिसऱ्या दिवशी शेजारचा मुलगा दारात येऊन विचारू लागला, "काकू, कूलर बिघडला का वो?" त्यालाही बसवून घेतलं. घाम पुसत पुसत त्याने चार गाणी ऐकली, आणि दुसऱ्या दिवशी आपणहून आला.

संच दोन सीडींचा आहे, गाणी 32. माझ्या भाच्याने मुंबईहून पाठवला. वर चिठ्ठी होती : "मावशी, तू नाट्यसंगीतवाली आहेस, हे ऐकच." मी तीस वर्षं पेटीची साथ करते आहे, त्यातली निम्मी तरी नाट्यसंगीताला. जॅझ म्हणजे सॅक्सोफोन आणि रात्रीचे क्लब, एवढीच माझी समजूत होती. नाट्यसंगीताचा इथे काय संबंध, हे पहिल्या दिवशी कळलं नाही. नंतर कळलं तेव्हा मी संच पहिल्यापासून पुन्हा लावला.

ज्यांना जॅझवाले लोक 'स्टँडर्ड' म्हणतात, ती गाणी बहुतांशी नाट्यपदंच आहेत! न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर संगीत नाटकं होत, त्यांत ही पदं असत. नाटकं मागे पडली, पदं राहिली आणि गवयांच्या तोंडी रुळली. आपल्याकडे 'मानापमान' 1911 सालचं आणि 'स्वयंवर' 1916 सालचं. नाटक पूर्ण पाहिलेली माणसं आता किती सापडतील? पण पद सुरू झालं की अख्खं सभागृह मान डोलावतं. या संचातली सगळी पदं ज्याची, त्या अमेरिकन संगीतकार कोल पोर्टरचं 'एनिथिंग गोज' 1934 चं, 'किस मी, केट' 1948 चं. त्या पदांचंही तेच झालं. शिवाय पोर्टर शब्द आणि चाल दोन्ही स्वतः करायचा, त्यामुळे अक्षर कुठे लांबवायचं आणि कुठे तोडायचं हे चालीतच ठरलेलं असतं.

ही पदं एलाने 1956 मध्ये हॉलिवूडला ध्वनिमुद्रित केली. तेव्हा ती 38 वर्षांची होती आणि तिच्या नावाचा दबदबा जुनाच होता. सतराव्या वर्षी, 1934 मध्ये, हार्लेमच्या अपोलो थिएटरमधल्या हौशी कलाकारांच्या स्पर्धेत ती नाचायला म्हणून गेली आणि ऐनवेळी गायली. त्याच्या दोनेक वर्षं आधी तिची आई वारली होती. पुढे ड्रमवादक चिक वेबच्या वाद्यवृंदात गाऊन ती देशभर पोचली. 1956 मध्ये तिचा व्यवस्थापक नॉर्मन ग्रांझ याने व्हर्व्ह ही रेकॉर्ड कंपनी काढली आणि एकेका संगीतकाराची गाणी घेऊन संच करायचे ठरवले. हा पोर्टरचा पहिला. 1964 पर्यंत असे एकूण आठ झाले.

आता गाण्याबद्दल. साथीला बसणाऱ्या माणसाचा कान आधी शब्दांकडे जातो, कारण गायक कुठे श्वास घेणार हे शब्दांवरून कळतं. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. इंग्रजी गाणी ऐकताना निम्मे शब्द निसटून जातात, हा नेहमीचा अनुभव. इथे मी बंदिशी उतरवते तशी वही घेऊन बसले आणि एकेक पद लिहून काढलं. फार थोड्या ठिकाणी मागे जाऊन ऐकावं लागलं. शब्दाच्या शेवटचं व्यंजनसुद्धा ती सोडत नाही, आणि तरी कुठे शब्द आदळत नाही. आपल्याकडे पदाचे शब्द चावून टाकणारे गायक मी इतके ऐकलेत की हे ऐकताना मला भरून आलं.

दुसरी गोष्ट तिच्या संयमाची. ही बाई तराण्यासारख्या निरर्थक अक्षरांवर मनसोक्त खेळू शकते, तिकडे त्याला स्कॅट म्हणतात. 1960 मध्ये बर्लिनच्या मैफलीत एका गाण्याचे शब्द ऐनवेळी विसरल्यावर तिने तिथल्या तिथे नवे शब्द रचून गाणं पुरं केलं. तेही ध्वनिमुद्रण आहे, जरूर ऐका. रंगमंचावर शब्द विसरलेल्या गायकाचा चेहरा मी पेटीमागून पाहिलेला आहे, म्हणून ते माझ्या अंगावर आलं. पण पोर्टरच्या या संचात तिने हे सगळं बाजूला ठेवलंय. पद जसं बांधलंय तसं मांडायचं, एवढंच. जागा घेते ती अगदी लहान, ओळीच्या शेपटाला, आणि लय धरते किंचित मागून, चालणारा माणूस अर्धं पाऊल थांबून पुढे यावा तशी.

'एव्हरी टाइम वुई से गुडबाय' हे 1944 चं पद मी आतापर्यंत वीसेक वेळा ऐकलं असेल. निरोपाचं गाणं आहे. मधल्या एका ओळीत मेजरमधून मायनरमध्ये, म्हणजे उजळ स्वरसंगतीतून उदास स्वरसंगतीत, जाण्याचं नवल शब्दांतच सांगितलंय, आणि नेमक्या त्याच क्षणी खालची स्वरसंगती तशी बदलते. पेटीवर काढून पाहिलं : मध्यम, शुद्ध धैवत, षड्ज असे एकत्र वाजणारे तीन सूर, त्यांतला फक्त धैवत कोमल होतो. एकच पट्टी खाली यायची! पण तेवढ्याने उजेड कमी होतो. आणि एला तिथे काहीच जास्तीचं करत नाही. आवाज कापत नाही, हुंदका नाही. सगळं त्या कोमल धैवतावर सोपवून ती पुढे जाते. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे दोन दिवस वाजवून दाखवलं.

'बिगिन द बिगीन' हे 1935 चं आणखी एक नवल. अशा पदाचा ठरलेला आकार 32 मात्रागटांचा, म्हणजे आपल्या भाषेत तेवढी आवर्तनं. मुखडा दोनदा, मग अंतऱ्यासारखा वेगळा भाग, परत मुखडा. हे पद मात्र तब्बल 108 गटांचं आहे, सरळ लांबत जातं. एला ते एका दमाचं वाटावं असं गाते.

सगळंच मला आवडलं असं नाही. वाद्यवृंदाची मांडणी बडी ब्रेगमनची आहे आणि वेगवान गाण्यांत त्याचे ट्रंपेट फार पुढे येतात. 'टू डार्न हॉट' हे चौथं गाणं उकाड्यावरचंच आहे, 45 अंशांत ते ऐकायची मजा निराळी, पण तिथेही पितळी वाद्यं गायिकेच्या अंगावर येतात. साथीने गाण्याच्या मागे बसावं असं मला शिकवलं गेलंय. म्हणून तिसरं पद 'मिस ओटिस रिग्रेट्स' मला या संचातलं सर्वांत मोठं काम वाटतं. फक्त पॉल स्मिथचा पियानो आणि एला. मिस ओटिस आज जेवायला येऊ शकत नाहीत, एवढा अदबीचा निरोप कोणी घेऊन आलंय. मग हळूहळू उलगडतं, की तिने प्रियकराला गोळी घातली आणि जमावाने तिला फासावर चढवलं. शेवटपर्यंत एला निरोप सांगणाऱ्याची अदब मोडत नाही.

एलाच्या गाण्यात दुःख कमी पडतं, अशी तक्रार भाच्यानेच फोनवर केली. मला ती पटली नाही. डॉ. वसंतराव देशपांडे नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले, आणि 'कट्यार काळजात घुसली'तली त्यांची पदं आमच्या घरात रोज वाजत. त्यांच्या गळ्यात आग होती. तशी आग शोधणाऱ्याला एला कदाचित थंड वाटेल. पण पद स्वच्छ धुऊन, सुकवून, घडी न मोडता आपल्या हातात देणं हीही गायकीच आहे, आणि ती फार थोड्यांना साधते.

घ्यावं का? नाट्यसंगीत, भावगीत ऐकणाऱ्या प्रत्येकाने घ्यावं. ध्वनिमुद्रण मोनो आहे, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येतो, पण त्याने काही बिघडत नाही, आवाज अगदी समोर आहे. बत्तीस गाणी एका बैठकीत मात्र लावू नका, आठच्या वर गेलं की मांडण्या सारख्या वाटू लागतात. जास्त वाद्यं नको असतील तर त्याच 1956 सालचं ट्रंपेटवादक आणि गायक लुई आर्मस्ट्राँगबरोबरचं 'एला अँड लुई' आधी घ्या. तिथे पियानो, गिटार, बेस आणि ड्रम एवढीच साथ आहे, आणि पियानोवर ऑस्कर पीटरसन.

एलाचाच गर्श्विन बंधूंच्या गाण्यांचा 1959 चा संच मूळ पाच रेकॉर्डचा आहे, तो भाच्याकडे मागितलाय. आला तरी जूनअखेर, कूलर माळ्यावर गेल्यावरच उघडणार.