बोटीचा सेल्फ: दुरुस्त करायचा की नवा बसवायचा?

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोटीची डागडुजी याच दोन महिन्यांत उरकायची असते, आणि ‘सेल्फ घेत नाही’ म्हणून सेल्फही (इंजिन फिरवून चालू करणारी स्टार्टर मोटर) तेव्हाच खोलला जातो. माझं स्पष्ट मत आहे: मल्टिमीटर लावल्याशिवाय दुरुस्तीही नको आणि खरेदीही नको. खाऱ्या हवेत सेल्फच्या आधी टर्मिनल आणि केबल कुजतात.

२४ व्होल्टच्या इंजिनावर पूर्ण चार्ज झालेली बॅटऱ्यांची जोडी २५ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन पेटू नये म्हणून स्टॉप (डिझेल बंद करणारी दांडी) ओढून धरा आणि तांडेलाला सेल्फ मारायला सांगा. आकडा १९ च्या खाली कोसळला तर आधी बॅटऱ्या तपासून घ्या. नंतर मीटरची एक सुई बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटावर आणि दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर ठेवून पुन्हा सेल्फ मारा. एक व्होल्टहून जास्त दिसलं तर दोष केबलचा किंवा जोडाचा. अर्थिंगची (निगेटिव्ह) बाजूही अशीच मोजा. ती बहुतेक जण विसरतात. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, वाइंडिंग तापतं.

इथवर सगळं ठीक असेल तरच सेल्फ खोला. एकदाच ‘टक्’ होऊन शांत झाला तर सोलेनॉईड (सेल्फवरचा विजेचा स्विच) किंवा कार्बन (आत वीज पोचवणारे ब्रश). नुसता गरगरला आणि इंजिन हललंच नाही तर बेंडिक्स (फ्लायव्हीलमध्ये अडकणारा छोटा गिअर) किंवा फ्लायव्हीलचे, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाचे दाते. कार्बन, बुश, सोलेनॉईड, बेंडिक्स यांसाठी दुरुस्तीच करावी. खर्च कमी येतो आणि सेल्फ पुन्हा नीट चालतो.

आर्मेचर (आतला फिरणारा, तारा गुंडाळलेला भाग) जळलं असेल किंवा सेल्फ तळातल्या खाऱ्या पाण्यात बुडाला असेल तर मात्र नवा घ्या. रिवाइंडिंग, म्हणजे नव्याने तार गुंडाळणं, स्वस्त पडतं हे खरं, पण आत राहिलेलं मीठ हळूहळू खातच राहतं. चार दिवस बाहेर राहणाऱ्या बोटीला ती जोखीम मी घेऊ देणार नाही. सहा सिलिंडरचं इंजिन हाताने फिरवून चालू होत नाही.

त्याच इंजिनाचा ट्रकवरचा सेल्फ चालेल का? व्होल्ट, दाते आणि फ्लँज (इंजिनाला बोल्टने बसणारी कडा) जुळले तर डिझेलवर चालतो, पण गंज लवकर धरतो. बंदिस्त जागेतल्या पेट्रोल इंजिनावर मात्र कदापि नको. त्याच्या ठिणगीने वाफ पेट घेईल.

नवा बसवलात तरी जुना टाकू नका. दुरुस्त होण्याजोगा असेल तर करून घ्या आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून केबिनमध्ये उंचावर ठेवा.