हॉटेलचं बुकिंग, चार पेमेंट आणि ७०,१२९ रुपये

मी नाशिकमधल्या सातपूरच्या एका कंपनीत अकाउंट्स बघतो. बावीस वर्षं दुसऱ्यांची बिलं तपासतोय. जीएसटी नंबर चुकलेलं बिल माझ्या टेबलावरून पुढे जात नाही, हे आमचे सप्लायरसुद्धा सांगतील. हे आधी सांगतो, कारण पोलिसांपासून मेव्हण्यापर्यंत प्रत्येकाने मला एकच ऐकवलं, ‘तुमच्यासारखा माणूस फसतो म्हणजे काय!’ फसतो. माझ्यासारखाच फसतो. ऑनलाइन व्यवहार न करणारा माणूस थेट जाऊन काउंटरवर पैसे देतो.

२०२५ मध्ये १५ ऑगस्ट शुक्रवारी आला होता, त्यामुळे सलग तीन दिवस मिळत होते. मुलगी जूनमध्ये शिकायला बाहेरगावी गेली आणि घर एकदम रिकामं झालं. लग्नाला तेवीस वर्षं झाली, पण आम्ही दोघंच असे कधी कुठे गेलो नव्हतो. सौ.ला भर पावसात मरीन ड्राइव्ह बघायचा होता. इगतपुरी-लोणावळ्याला त्या दिवसांत गाड्यांच्या रांगाच बघायच्या, म्हणून मुंबई ठरवली. चर्चगेटजवळचं हॉटेल घेऊ, समुद्रावर चालत जाता येईल, एक दिवस म्युझियम, संध्याकाळी नुसतं कट्ट्यावर बसायचं, एवढाच बेत.

तीन हॉटेलं काढली होती. दादरचं स्वस्त, पण समुद्र लांब. फोर्टातल्या एका लॉजचे फोटो पाहून हिने नाक मुरडलं. तिसरं चर्चगेटजवळचं, जुनं, नाव असलेलं. बुकिंग ॲपवर त्याचा दर रात्रीला ७,९०० अधिक १८ टक्के जीएसटी. मनात आलं, हॉटेलला थेट फोन केला तर कमिशन वाचतं आणि थोडं कमी करून देतात. हा विचार चुकीचा नव्हता, आजही मी तेच म्हणतो. चूक झाली नंबर कुठून घेतला तिथे. हॉटेलचं नाव टाकून शोधलं, पहिलंच पान उघडलं, त्यावरचा मोबाइल नंबर घेतला. नकाशाच्या ॲपवर पाहिलं तर तिथेही तोच नंबर. दोन ठिकाणी सारखा नंबर म्हणजे खरा, असं मी धरलं. नकाशावरचा नंबर बदलायची सूचना कोणीही करू शकतो, हे मला नंतर कळलं. आणि ते पहिलं पान जाहिरात होती, बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही होतं. त्या पानाच्या वेब पत्त्यात हॉटेलच्या नावापुढे एक जादा शब्द चिकटवलेला होता. शोधल्यावर सर्वात वर जे येतं ते पैसे देऊन आलेलं असू शकतं, एवढं तरी लक्षात ठेवा.

मंगळवार, १२ ऑगस्ट. अंगारकी होती. चंद्रोदयानंतर उपास सोडला आणि पावणेदहाला फोन लावला. पलीकडे हिंदी-इंग्रजीत अदबीने बोलणारा माणूस. मागे फोन वाजल्याचे, कोणाला तरी ‘रूम नंबर अमुक’ सांगितल्याचे आवाज. दर ६,४००, नाश्त्यासह. तीन रात्रींचे १९,२००, त्यावर १८ टक्के म्हणजे ३,४५६, एकूण २२,६५६. निम्मे आत्ता भरा म्हणाला. व्हॉट्सॲपवर हॉटेलचं चिन्ह असलेला क्यूआर आला.

स्कॅन केला. रक्कम ११,३२८. आणि वर नाव आलं ते एका माणसाचं. हॉटेलचं नाही, कुठल्या कंपनीचं नाही. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. (ते इथे लिहीत नाही. त्याने खातं भाड्याने दिलं असेल किंवा त्याच्या नकळत उघडलं गेलं असेल, मला माहीत नाही.)

सौ. माझ्या खांद्यावरून बघत होती. ती म्हणाली, ‘अहो, एवढ्या मोठ्या हॉटेलचं खातं असं एका माणसाच्या नावावर कसं?’

मी फोनवर विचारलं. तो म्हणाला, ‘सर, वो हमारे अकाउंट्स मॅनेजर हैं, लाँग वीकएंड में मेन अकाउंट की लिमिट फुल हो जाती है.’ अकाउंट्समध्ये बावीस वर्षं काढलेल्या माणसाने हे ऐकून घेतलं. कंपनीचे पैसे मॅनेजरच्या खात्यात! आमच्याकडे कोणी असं केलं तर मी स्वतः त्याच्यावर लेखी रिपोर्ट देईन. आणि मी सौ.ला काय म्हणालो? ‘तू थांब गं, मला कळतं यातलं.’ हे वाक्य मला अजून झोपू देत नाही. ७०,१२९ रुपयांपेक्षा ते जास्त टोचतं.

३० जून २०२५ पासून यूपीआय ॲपवर पैसे पाठवण्याआधी समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नावच दिसावं असा नियम झाला आहे. तो आपल्यासाठीच केलेला आहे. म्हणजे खरं नाव माझ्या डोळ्यांसमोर ठेवलेलं होतं. मी ते वाचलं आणि तरी पिन टाकला.

दुसरी गोष्टही त्याच पाच मिनिटांत कळायला हवी होती. त्या वेळी ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी १२ टक्के होता, १८ त्याच्या वर. ६,४०० वर १८ टक्के लागूच होत नव्हता. १२ टक्क्यांनी २१,५०४ झाले असते. ॲपवर ७,९०० ला १८ टक्के पाहिले होते, तो आकडा डोळ्यांत बसला होता, म्हणून खटकलं नाही. हे कारण आहे, बहाणा नाही. तोच आकडा ऑफिसात एखाद्या बिलावर आला असता तर मी लाल पेनाने गोल केला असता.

मग नेहमीचं सुरू झालं. ते तुम्हाला माहीत असेलच, म्हणून लांबवत नाही. ‘सर, लाँग वीकएंडला सिस्टीम निम्मी रक्कम घेत नाही,’ म्हणून उरलेले ११,३२८. मग ‘दोन तुकड्यांत आल्याने बुकिंग जनरेट होत नाही, एकरकमी २२,६५६ भरा, आधीचे दहा मिनिटांत परत’. भरले. मग परताव्यासाठी ‘कोड’. स्कॅन करून रकमेच्या रकान्यात २४८१७ टाका, ती रक्कम नाही, रिफंड कोड आहे, पैसे जात नाहीत, येतात.

लोक विचारतात, इथेही कळलं नाही? रात्रीचे सव्वाअकरा वाजले होते. ४५,३१२ अडकले होते. तो ‘फोन ठेवू नका सर, सेशन तुटेल’ म्हणत होता. त्या वेळी डोकं पुढचं बघत नाही, अडकलेले पैसे सोडवायला धडपडतं. मी पिन टाकला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच लागत नाही, हे मी स्वतः माझ्या आईला शिकवलेलं आहे.

२४,८१७ गेल्याचा मेसेज आला. तो शांतपणे म्हणाला, ‘होल्ड पे है सर. टोटल ४७,४७३ बहत्तर वर्किंग अवर्स में आएगा, बीच में पंधरा अगस्त की छुट्टी है, मंडे पकडिए.’ आणि खरोखर मेलवर व्हाउचर आलं, दोघांची नावं, खोलीचा प्रकार, नाश्ता, सगळं. बुधवारी फोन केला, उचलला. गुरुवारी केला, उचलला, वर ‘मॅडम के लिए सी साइड देखते हैं’ म्हणाला. चोर फोन उचलत नाही अशी माझी समजूत होती. पैसे गोठवायला पहिले काही तासच हाताशी असतात, आणि ते सगळे तास त्याने माझे फोन उचलून काढून घेतले.

शुक्रवारी सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडली. सीएसएमटीहून टॅक्सी केली, पाऊस होता. काउंटरवरच्या मुलाने व्हाउचर बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. ‘काका, हे आमचं नाही.’ त्याने त्यांचं खरं बिल शेजारी ठेवून दाखवलं. त्यांच्या जीएसटी नंबरची सुरुवात २७ ने, म्हणजे महाराष्ट्र. माझ्या व्हाउचरवर ०७, म्हणजे दिल्ली. शिवाय त्यातलं सहावं अक्षर पी, म्हणजे पॅन एका व्यक्तीचा, कंपनीचा असता तर सी असता. व्हाउचर तीन दिवस माझ्या मोबाइलमध्ये होतं. मी ते फक्त नावांचं स्पेलिंग बघायला उघडलं. बिलावरचा जीएसटी नंबर सरकारी जीएसटी पोर्टलवर टाकला तर कोणाचा आहे ते अर्ध्या मिनिटात, लॉगिनशिवाय दिसतं. टाकून बघत जा.

खोली रिकामी नव्हती. त्या मुलाने चहा दिला, बसायला जागा दिली, त्याचे उपकार आहेत. सौ. एक शब्द बोलली नाही. बॅगा घेऊन आम्ही डोंबिवलीला मेव्हणीकडे गेलो. शनिवारी दहीहंडी होती आणि पावसाने मुंबईला झोडपून काढलं. मरीन ड्राइव्ह आम्ही पाहिलाच नाही.

लॉबीतूनच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला होता. त्यांनी सगळं नीट लिहून घेतलं, तक्रार क्रमांक दिला. प्रत्येक पेमेंटचा बारा आकडी यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा क्रमांक, विचारतात, तो हाताशी ठेवून फोन करा. खरी फरफट नंतर सुरू झाली.

आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात सोमवारी गेलो. हॉटेल मुंबईचं, मग मुंबईत तक्रार द्या. मी म्हटलं, साहेब, पैसे माझ्या घरातून गेले. आणि १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३, हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. ते म्हणाले, ‘कायदा आम्हाला शिकवू नका. पिन तुम्हीच टाकला ना?’ दोन तास बसवलं. मग ‘अर्ज लिहून द्या’. अर्ज म्हणजे एफआयआर नाही, हे मला माहीत होतं, पण तिथे बसलेल्या माणसाची ताकद संपते. पुढच्या वेळी साहेब बंदोबस्ताला. २७ ला गणपती बसले, मग काय, दहा दिवस विचारायची सोयच नाही. विसर्जनानंतर गेलो तर माझा अर्ज ज्यांच्याकडे होता त्यांची बदली झालेली. कागद नव्याने द्या. मी चार वेळा कागद दिलेत. पाचव्या वेळी पोच मागितली तर मलाच विचारलं, ‘आमच्यावर विश्वास नाही का?’

आणि बँक! माझी बँक म्हणते, व्यवहार तुमच्या संमतीने झाला, आमची जबाबदारी नाही. बरं, मग ज्या बँकेत पैसे गेले तिने ते खातं उघडलं कसं? माझ्या ७८ वर्षांच्या आईचं पेन्शनचं खातं केवायसीसाठी दोनदा बंद केलं. तिला व्हीलचेअरवर नेऊन अंगठा द्यावा लागला. आणि रात्री अकरा वाजता चोराच्या खात्यात हजारो रुपये येतात आणि निघून जातात, तिथे कोणाला केवायसी आठवत नाही? शाखेत विचारलं तर कॉल सेंटरला विचारा. कॉल सेंटर म्हणतं शाखेला विचारा. शाखेतल्या बाईंनी मला ‘ऑनलाइन सावध राहा’ असं छापलेलं पत्रक दिलं. ते मी त्यांच्या टेबलावरच ठेवून आलो.

७०,१२९ पैकी ९,३५० एका खात्यात गोठवलेले सापडले. उरलेले ६०,७७९ पुढे पुढे सरकवून काढून घेतलेले. ते ९,३५० सुद्धा मिळाले नव्हते, कारण तेव्हा बँकेला कोर्टाचा आदेश हवा होता, आदेशासाठी पोलिसांचा अहवाल हवा होता, आणि अहवाल देणारे साहेब बंदोबस्ताला. बँकेला लेखी तक्रार द्या, पोच घ्या, तीस दिवसांत नीट उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही. मी केली आहे.

हॉटेलचा नंबर घ्यायचाच तर बुकिंग ॲपवरून हॉटेलचं नेमकं नाव-पत्ता घ्या आणि लँडलाइन शोधा. मोबाइलवरून बुकिंग घेणाऱ्याला सांगा, ‘मी येऊन काउंटरवर देतो, नाहीतर कंपनीच्या नावाचं खातं द्या.’ तो घाई करायला लागला की फोन ठेवा. दोन पेमेंटनंतर तिसरं मागणारं हॉटेल जगात नाही. आणि घरातलं माणूस मागून काही विचारत असेल तर आधी त्याचं ऐका.

२०२५ चा दसरा २ ऑक्टोबरलाच होता, लोक पुन्हा बाहेर पडणार होते. नकाशावरच्या त्या नंबरची तक्रार मी सहा वेळा केली, सौ.ने तिच्या मोबाइलवरून केली, मुलीने मैत्रिणींकडून करवली. दसऱ्याआधी एका रात्री बघितलं, नंबर तिथेच होता. सौ.च्या फोनवरून लावला. दुसऱ्या रिंगला उचलला. तोच आवाज, मागे तेच फोन वाजल्याचे आवाज. दर विचारला. ६,४००, नाश्त्यासह. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा खोलीवरचा जीएसटी पाच टक्क्यांवर आला आहे. मी विचारलं, टॅक्स किती?

‘एटीन पर्सेंट, सर. कितने नाइट्स के लिए?’