स्मरणिकेचे पैसे डिझायनरच्या खात्यात: मंडळीचे बोधचिन्ह आणि छपाईचे काम देण्याआधी वाचा

वडोदऱ्यातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीने (चर्चने) अमृतमहोत्सवाचे बोधचिन्ह, बॅनर, लेटरहेड आणि स्मरणिका हे सगळे काम एकाच डिझायनरला 45,000 रुपयांत दिले. त्यातले 27,000 आगाऊ गेले. पुढे उघड झाले की बोधचिन्ह दुसरीकडून उचललेले होते, मूळ फाइल मिळतच नव्हती आणि स्मरणिकेच्या जाहिरातींचे पैसे त्याच डिझायनरच्या खात्यात जमा होत होते. कोणत्याही मंडळीत हे सहज घडू शकते, म्हणून सगळा प्रकार उलगडून सांगतो आहोत.

आपण एम. एस. युनिव्हर्सिटीच्या फाइन आर्ट्सचे विद्यार्थी आहोत, असे त्याने सांगितले. या शहरात तेवढ्यावर लोक विश्वास टाकतात. त्यात ‘प्रभूचे काम म्हणून निम्मा दर’ हे शब्द आले, की मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीत दुसरे कोटेशन मागायचा कोणालाच धीर होत नाही. सवलत द्यायची तर जरूर द्यावी, पण ती बिलावर मूळ दर, वजावट आणि निव्वळ रक्कम अशी लिहून मागा. या बिलावर 18 टक्के जीएसटी लावला होता आणि खाली जो क्रमांक होता तो 14 अक्षरांचा निघाला. खरा क्रमांक 15 अक्षरांचा असतो, गुजरातचा असेल तर 24 ने सुरू होतो आणि त्यानंतरची दहा अक्षरे म्हणजे पॅन. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकून नाव जुळते का ते खजिनदाराने पाहावे, दोन मिनिटांचे काम आहे.

बोधचिन्हातला क्रूस नीट पाहिला असता तर पहिल्याच दिवशी शंका आली असती. त्याला तीन आडव्या पट्ट्या होत्या: वर एक आखूड, मध्ये लांब आणि खाली तिरपी. हा रशियन ऑर्थोडॉक्स परंपरेचा क्रूस. वरची पट्टी पिलाताने येशूच्या क्रूसावर लावलेल्या पाटीची, खालची पाय टेकण्याच्या फळीची. प्रोटेस्टंट मराठी मंडळीच्या बोधचिन्हात तो यायला काहीच कारण नाही. परदेशी साइटवरचा तयार नमुना, त्यात फक्त नाव बदललेले. तपासायचे असेल तर मंडळीचे नाव कापून नुसते चिन्ह गूगल लेन्स आणि टिनआय या चित्रावरून शोध घेणाऱ्या दोन्ही साधनांवर शोधा. मग तेच चित्र आडवे उलटे करून पुन्हा शोधा, कारण चोरलेले चिन्ह बरेचदा आरशातल्यासारखे फिरवून देतात. स्टॉक साइटवरचे (तयार चित्रे देणाऱ्या साइटवरचे) चित्र कोणीही वापरू शकतो आणि बहुतेक साइटच्या परवान्यात ते बोधचिन्ह म्हणून वापरायला मनाई असते. म्हणजे पैसे मोजूनही चिन्ह तुमचे होत नाही.

फाइलची फसवणूक जास्त बारीक असते. आधी व्हॉट्सअॅपवर जेपीजी आली, 1080 बाय 1080 पिक्सेलची. ती दहा फूट रुंद फ्लेक्सवर छापली तर इंचाला नऊच पिक्सेल पडतात. फ्लेक्ससाठी साधारणपणे इंचाला 72 धरतात. तक्रार केल्यावर सीडीआर, म्हणजे कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरची फाइल आली, पण नाव सीडीआर असले म्हणून आत कितीही मोठ्या करता येणाऱ्या रेषा असतीलच असे नाही. कोरलमध्ये चिन्हावर क्लिक केले की खालच्या पट्टीत ‘बिटमॅप’ (पिक्सेलचे चित्र) दिसले, म्हणजे जेपीजीच आत चिकटवलेली होती. मग तिसरी फाइल आली, ती ट्रेस केलेली, म्हणजे जेपीजीवरून सॉफ्टवेअरने आपोआप रेषा काढलेली. हे ओळखायची खूण अशी: शेप टूलने वर्तुळ निवडा. नीट काढलेल्या वर्तुळाला मोजकेच नोड (रेषेवरचे बिंदू) असतात, ट्रेस केलेल्याला खूपच जास्त, आणि कडा मोठी करून पाहिली की खडबडीत दिसते. दुसरा हप्ता देण्याआधी ही तपासणी दांडिया बाजारातल्या किंवा रावपुऱ्यातल्या कोणत्याही छापखान्यात संगणकासमोर बसून करता येते. मागायचे ते नेमके मागा: अक्षरे बदलता येतील अशी एक फाइल, अक्षरांच्या कर्व्हज (फॉन्टशिवायही तशाच राहणाऱ्या रेषा) केलेली दुसरी, पीडीएफ, पारदर्शक पीएनजी आणि वापरलेल्या फॉन्टची नावे.

मराठी मजकुराकडे तर कोणी पाहिलेच नव्हते. मुखपृष्ठावर ‘वडोदऱ्यातील’ ऐवजी ‘वडोदर्यातील’ छापले गेले आणि ‘ख्रिस्त’मधली वेलांटी सुटून शेजारच्या अक्षरावर जाऊन बसली. भारतीय लिपींसाठीचा कंपोझर चालू न करता फोटोशॉपमध्ये युनिकोड मजकूर टाकला, की हेच होते. प्रभूचे नाव मोडलेले छापून वेदीजवळ लावणे आम्हाला सहन होत नाही. त्यामुळे प्रूफवर मराठी नीट वाचणाऱ्या, मंडळीच्या एका वडिलांची (एल्डरची) सही असल्याशिवाय छपाईला होकार देऊ नका. लेंटच्या (उपवासकाळाच्या) बॅनरचा जांभळाही निळा आला. दोष छापखान्यावर ढकलून पुन्हा छपाईचे पैसे मागितले गेले, पण फाइल आरजीबीत, म्हणजे पडद्यासाठीच्या रंगपद्धतीत होती. छपाईच्या सीएमवायके पद्धतीत जांभळा हवा असेल तर सायन (निळसर शाई) हा मॅजेंटापेक्षा (गुलाबी शाईपेक्षा) निदान 30 टक्क्यांनी कमी ठेवावा लागतो, नाहीतर तो निळ्याकडे झुकतो.

सगळ्यात मोठे नुकसान मात्र जाहिरातींत झाले. स्मरणिकेचे दरपत्रकही त्यानेच बनवले होते: पूर्ण पान, अर्धे पान, शुभेच्छा, आणि खाली क्यूआर. कमिटीने दर वाचले, क्यूआर कोणी स्कॅन केला नाही. दुकानदारांनी विश्वासाने पैसे पाठवले. पावती मागणाऱ्या एकाने खजिनदाराला फोन केला, तेव्हा खात्यात काहीच आलेले नाही हे कळले. दरपत्रक, आमंत्रण, दानाचा फलक, जिथे जिथे क्यूआर असेल तिथे छपाईआधी दोघांनी वेगवेगळ्या फोनवर एक रुपया पाठवून पाहावा. पडद्यावर येणारे नाव ट्रस्टच्या बँक पासबुकाशी तंतोतंत जुळले पाहिजे. बँकेकडून आलेली क्यूआरची फाइलच डिझायनरला द्या, त्याला नवा बनवू देऊ नका. छापून आलेल्या गठ्ठ्यातली एक प्रत काढून पुन्हा स्कॅन करा, कारण मधल्या फाइलमध्ये क्यूआर बदलता येतो. डोमेन, ईमेल आणि फेसबुक पानाचा पूर्ण ताबाही ट्रस्टच्या नावावर हवा. इथे तिन्ही त्याच्याच फोन नंबरवर होते.

कागदाचे म्हणाल तर, प्रताधिकार कायदा 1957 प्रमाणे निर्मितीचा पहिला मालक साधारणपणे ती करणारा असतो. हक्क मंडळीकडे यायचे तर कलम 19 प्रमाणे लेखी आणि सही केलेले हस्तांतरण लागते. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, असे कायदा धरतो. त्यात ‘कायमस्वरूपी, सर्व देशांसाठी’ असे लिहा. सर्व चित्रे, क्रूस आणि फॉन्ट स्वतःचे आहेत किंवा त्यांचे परवाने जोडले आहेत, हेही त्यातच नमूद करून घ्या. आगाऊ 30 टक्क्यांवर जाऊ नका आणि शेवटचे 40 टक्के फाइल तपासून झाल्यावर द्या.

तक्रार करायला इथे उशीर झाला, कारण ‘मंडळीची बदनामी नको, क्षमा करा’ असे म्हणणारे बरेच निघाले. क्षमा मंडळीने खुशाल करावी, पण गेलेले पैसे ज्या दुकानदारांचे, त्यांच्या वतीने ती करायचा अधिकार कमिटीला नाही. क्यूआरचा प्रकार लक्षात येताच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी खात्यातली रक्कम गोठण्याची शक्यता जास्त. प्रत्येक दुकानदाराकडून व्यवहाराचा 12 अंकी संदर्भ क्रमांक आणि दरपत्रकाचा फोटो घ्या आणि तक्रारीला जोडा. व्हॉट्सअॅप संवाद पुसू नका, एक्सपोर्ट करून ठेवा. वाटून झालेली दरपत्रके परत मागवणे जमत नसेल तर ज्यांना ती दिली त्या सर्वांना त्याच दिवशी पाळकसाहेबांच्या सहीने योग्य खाते कळवा, आणि उरलेल्या प्रतींवर जुना क्यूआर पूर्ण झाकेल अशी चिकटपट्टी लावून मगच त्या बाहेर जाऊ द्या.