ट्रॅकर वापरून आठ महिने, आणि 'जी' ०.१५ आला तो तास

गेले आठ महिने गतीचा धडा व्हिडिओवरून शिकवतेय. सॉफ्टवेअर ट्रॅकर, ओपन सोर्स फिजिक्स प्रकल्पातलं, फुकट. कॅमेरा माझ्याच फोनचा. लांबी माहीत असलेली वस्तू दाखवून माप ठरवायचं, अक्ष लावायचे आणि फ्रेमगणिक चेंडूवर क्लिक करत जायचं. शेजारी आलेख उमटत जातो. हात बसायला एक दुपार पुरली.

आधी माझी फजिती सांगते. मुक्त पतनाचा व्हिडिओ मी हौसेनं स्लो मोशनमध्ये घेतला, सेकंदाला २४० फ्रेमचा. मुलांनी इमानेइतबारे ठिपके मारले आणि जी, म्हणजे गुरुत्वीय त्वरण, आला ०.१५ मी/से². मागच्या बाकावरून आवाज, "मॅडम, आपण चंद्रावर आहोत का?" अरे, चंद्रावरसुद्धा १.६ असतो! फाइल ३० फ्रेमच्या गतीनं चालणारी होती आणि खरा फ्रेमदर भरायला मी विसरले होते. काळ आठपट ताणला गेला, त्वरणात काळाचा वर्ग येतो, म्हणून उत्तर चौसष्टपट लहान. २४० भरल्यावर ९.७ आला.

दुसऱ्यांदा पट्टी मागच्या भिंतीला चिकटवली. कॅमेऱ्यापासून चेंडू दोन मीटरवर, भिंत अडीचवर. जी १२च्या पुढे. तेव्हापासून पट्टी चेंडू पडतो त्याच प्रतलात उभी असते.

पण हा सगळा खटाटोप मी एका आलेखासाठी करते. चेंडू सरळ वर फेकायचा आणि मोजण्याआधी विचारायचं, अगदी वरच्या टोकाला त्वरण किती? बहुतेक हात शून्यासाठी वर जातात. मग वेग-काल आलेख काढायचा: ४ मी/से पासून उणे ४ पर्यंत एक तिरकी सरळ रेष. एका मुलीनं पडद्याला पट्टी लावून रेष कुठे वाकते ते शोधलं. कुठेच नाही. "मग वर थांबतो तो?" थांबतच नाही. टोकाच्या आधीच्या आणि नंतरच्या ठिपक्यांवर क्लिक करून बघ म्हटलं. एका फ्रेमच्या काळात, म्हणजे १/३० सेकंदात, चेंडू तिथून जेमतेम ५ मिलिमीटर सरकतो. ठिपके एकमेकांना चिकटलेले, म्हणून डोळ्याला थांबल्यासारखा वाटतो.

त्वरणाच्या आलेखाची मात्र आशा धरू नका, करवतीचे दाते दिसतात. क्लिक दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं, की त्याला १/३० च्या वर्गानं भागल्यावर १.८ मी/से² ची गडबड. फ्रेम वाढवल्या तर ती आणखी फुगते, हे मला उशिरा उमगलं. आम्ही आता वेग-काल रेषेचा चढच घेतो. स्थान-काल वक्राला समीकरण बसवलं, तर t² च्या सहगुणकाची दुप्पट करायला दर वेळी कुणीतरी विसरतं आणि ४.९ घेऊन येतं.

उजेड हवा, भरपूर. सव्वा मीटरवरून पडलेला चेंडू खाली ५ मी/से च्या आसपास वेगानं येतो. वर्गातल्या दिव्यात फोन १/६० सेकंद शटर उघडं ठेवतो आणि चेंडूचा आठ सेंटिमीटरचा फराटा उमटतो. क्लिक करायचं कुठे? म्हणून आम्ही सरळ उन्हात जातो. गडद चेंडू, मागे साधी भिंत, म्हणजे आपोआप ठिपके मारणारा ऑटोट्रॅकरही वाट चुकत नाही.

तास खाल्ला जातो, हे खरं. पहिल्या वेळी मीच घेतलेली क्लिप देते, चित्रीकरण दुसऱ्या तासाला. लंबकासाठी तर व्हिडिओच्या वाटेलाच जात नाही. स्टॉपवॉच आणि वीस आंदोलनं, पाच मिनिटांत काम होतं.